बघून काय मिळालं म्हणे!

दुपारी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. सुटाबुटातला कोणी गृहस्थ हात नाचवत सांगतोय की दुसऱ्यांचा खेळ बघत बसणारी माणसं जन्मभर प्रेक्षकच राहतात. एका टेस्ट मॅचचे तास किती, वर्षाच्या मॅच किती, तेवढ्या वेळात माणूस काय काय शिकला असता, सगळा हिशेब मांडलेला. असले व्हिडिओ मी उघडतही नाही. पण त्याखाली आमच्याच घरातल्या एका ज्येष्ठांनी लिहिलं, "आपले अण्णा आठवले. एवढा हुशार माणूस, सगळी हुशारी रेडिओपाशी गेली." आणि त्यावर हसरे चेहरे. एकामागून एक.

ग्रुपवर मी काही बोलले नाही, कारण तिथे बोललं की लग्नकार्यात तोंडं चुकवावी लागतात. इथे बोलते. इथे तुम्ही सगळे माझ्यासारखेच आहात, मॅच चालू असताना फोन न उचलणारे.

अण्णा म्हणजे माझे आजोबा, वडिलांचे वडील. ते रेडिओवर मॅच नुसती ऐकत नसत, लिहीत. हिशेबाच्या लांबट वह्यांमध्ये पट्टीने रेघा मारून स्वतःचं स्कोअरबुक तयार करत. धाव नाही तर टिंब. चौकाराला चार. ओव्हर निर्धाव गेली की तीन-तीनच्या दोन रांगांतली ती सहा टिंबं जोडून इंग्रजी 'एम' काढायचा, आणि त्याच ओव्हरमध्ये विकेटही पडली असेल तर तीच टिंबं वेगळी जोडून 'डब्ल्यू'. शॉर्टवेव्हवर आवाज मध्येच बुडायचा. तेवढ्या चेंडूंच्या जागी अण्णा बारीकसं प्रश्नचिन्ह टाकत, अंदाजाने कधीही काही भरत नसत. विकेट मात्र लाल शाईने. ते लाल पेन सांभाळायचं काम माझं.

आता 4 सप्टेंबर 1979. लंडनचं ओव्हल मैदान, इंग्लंडविरुद्धच्या टेस्टचा शेवटचा दिवस. मी चौथीत होते. जिंकायला 438 हवे होते, आणि आदल्या संध्याकाळी आपण बिनबाद 76 होतो. गावसकर आणि चेतन चौहाननं 213 ची सलामी दिली. मग गावसकर आणि वेंगसरकर. एक बाद 366! आपल्याकडे रात्र झालेली, घरात सगळे झोपलेले, रेडिओचा आवाज इतका बारीक की आम्ही दोघं त्याला कान लावून बसलेलो. आणि मग सुरू झाली पडझड. वेंगसरकर गेला, पाठोपाठ वर पाठवलेला कपिल भोपळा न फोडता गेला. 389 वर गावसकर, 221 करून. आणि 410 वर विश्वनाथ.

विश्वनाथ आउट दिला तेव्हा मी लाल पेन दिलं नाही. मूठ घट्ट मिटून बसले. मला तो आउट मान्यच नव्हता. म्हटलं, तुम्ही लिहिलंच नाही तर? अण्णांनी नुसता हात पुढे केला. "अंपायरने दिलाय. दे."

दिलं. 429 ला आठ, मॅच अनिर्णित. नऊ धावा कमी पडल्या. मालिका आधीच 0-1 अशी गेली होती, तीही तशीच राहिली.

तर त्या सुटाबुटातल्या गृहस्थाच्या हिशेबाने त्या रात्री आम्हाला काय मिळालं? काहीच नाही. ना विजय, ना मालिका. झोप गेली, दुसऱ्या दिवशी शाळेत डुलक्या, आणि आईचा ओरडा दोघांनाही. पण आज मला पंचावन्न वर्षं पूर्ण झाल्यावरही त्या रात्रीच्या विकेटा ओळीने पाठ आहेत, आणि तेव्हाच्या चौथीच्या पुस्तकातला एकही धडा आठवत नाही. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

राग कशाचा आलाय ते नीट सांगते. खेळ बघण्याने काय मिळतं असं विचारणाऱ्यांना स्वतः खेळणंही फुकटचं नको असतं. मुलाला मैदानावर घालायचं ते वाढीव गुणांसाठी, सरकारी नोकरीतल्या पाच टक्के आरक्षणासाठी, परदेशी प्रवेशाच्या अर्जात एक ओळ वाढावी म्हणून. जिल्ह्याच्या पुढे गेला नाही की चौदाव्या वर्षी बॅट माळ्यावर. परवाच एका ओळखीच्या बाईंनी मला विचारलं, "तुमचे आजोबा कुठल्या लेव्हलला खेळायचे?" कुठल्याच नाही हो. ते एका साध्या कचेरीत कारकून होते, आणि डोळ्यांना जाड भिंगांचा चष्मा होता. त्यांना खेळ आवडायचा. एवढं पुरेसं का नाही?

बरं, आवडायचा म्हणजे क्रिकेटच आवडायचा असंही नाही. कबड्डीचे सामने लागले की रात्री मला कडेला उभं करून सांगायचे, चढाई करणाऱ्याकडे बघू नकोस, कोपरारक्षकाचे पाय बघ. तो वजन पुढच्या पायावर घेतो तेव्हाच झडप ठरलेली असते. खो-खोत खांबापाशी सूर मारणारा कधी मारणार हेही त्यांना आधी कळायचं. 1984 ला लॉस एंजेलिसमध्ये पी. टी. उषाचं पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं, तेव्हा अण्णांनी टेबलावर बोट टेकवून उचललं आणि म्हणाले, "एवढ्यात शंभर भाग कर बघू." मी दिवसभर करत बसले होते.

हां, एक मान्य करते. अण्णा मॅचच्या दिवशी रजा टाकून बसायचे तेव्हा आजीला पाण्याची भांडीसुद्धा एकटीनेच भरावी लागायची. ते चूक होतं. पण आजीने तक्रार केली असती तर ती तिने करायची होती, आज चाळीस वर्षांनी ग्रुपवर तुम्ही नव्हे.

आणि आजी म्हटल्यावर आठवलं. त्या वेळी घरात येणारं-जाणारं माणूस विचारायचं, पोरीच्या जातीला काय करायचंय क्रिकेट? अण्णांनी यावर कधी भाषण दिलं नाही. 'ही माझी स्कोअरर' एवढं म्हणायचे आणि मला रेघा मारायला बसवायचे. आज विचार करते तेव्हा वाटतं, मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी पद दिलं असेल तर ते हेच. आत्या, काकू, कोणालाही त्या खोलीत रेडिओपाशी जागा नव्हती, मला होती. (आत्याला का नव्हती, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. तो राहू दे आज.)

म्हणून गेल्या वर्षी 2 नोव्हेंबरला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या पोरींनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून वर्ल्ड कप घेतला, तेव्हा मी सोफ्यावर एकटीच मोठ्याने बोलत होते. शफालीच्या 87. दीप्तीच्या 58 आणि वर पाच विकेट. त्यांची वोल्वार्ट शतक काढून उभी होती तोवर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. शेवटचा कॅच हरमनप्रीतने मागे धावत घेतला आणि मी रडले. खूप रडले. पण सगळ्यात जास्त कधी माहितीये? ती जाऊन कोच अमोल मुझुमदारच्या पाया पडली तेव्हा.

अमोल मुझुमदार कोण, हे त्या व्हिडिओवाल्याला विचारा. 1988 ला शाळेच्या मॅचमध्ये तेंडुलकर आणि कांबळी 664 ची भागीदारी करत होते तेव्हा पुढचा नंबर लागायची वाट बघत पॅड बांधून बसलेला मुलगा तो हाच. बसूनच राहिला, बॅटिंग आलीच नाही. पुढे प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा केल्या, मुंबईचा कर्णधार झाला, पण भारताकडून एकही टेस्ट नाही, एकही वनडे नाही. तुमच्या हिशेबाने काय मिळालं त्याला? आणि त्या रात्री मैदानात त्याचा चेहरा पाहिलात? मी पाहिला. अण्णांनी तर या माणसाच्या रणजीच्या धावासुद्धा लिहून ठेवल्या होत्या, पेपरमधून, शेवटच्या वर्षांत, रेडिओ ऐकू येईनासा झाल्यावर. वहीत त्याच्या नावासमोर पेन्सिलीने 'कधी?' असं लिहिलेलं आहे.

लिहिता लिहिता जरा शांत झाले. तरी एक बोलतेच. आता सगळं स्कोअरकार्ड फोनवर फुकट मिळतं, प्रत्येक चेंडूचा वेग, वळण, नकाशा. माझा भाचा एका मॅचचे सगळे चौकार दहा मिनिटांत बघतो आणि मॅच बघितली म्हणतो. मला ते बघणं वाटत नाही. तो म्हणेल, मावशी, तुझ्यासारखा वेळ कुणाकडे आहे? असेलही खरं, त्याला नोकरी रात्रीची आहे. पण हाच मुलगा पैसे लावायच्या ॲपवर टीम बनवायला तास तास घालवायचा, 2025 च्या कायद्याने ती भानगड बंद होईपर्यंत. तेव्हा वेळ कुठून यायचा? ॲपवरच्या टीममध्ये न घेतलेल्या आपल्याच बॉलरला विकेट मिळाली की वैतागणारी पोरं मी या डोळ्यांनी पाहिली आहेत. भारताला विकेट मिळालेली, आणि हा कपाळाला हात लावून बसलाय! अण्णा असते तर उठून बाहेर गेले असते.

कारण अण्णांच्या वहीत दोन्ही बाजूंना सारखीच शाई होती. 2025 च्या ऑगस्टमध्ये त्याच ओव्हलवर आपण सहा धावांनी जिंकलो, सिराजने शेवटचा दांडा उडवला, ती मॅच तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेलच. खांदा निखळलेला क्रिस वोक्स एक हात स्वेटरच्या आत बांधून बॅटिंगला आला. आमच्याकडे बघायला जमलेल्यांपैकी कोणीतरी म्हणालं, बरं झालं, आता सोपं. मी उभी राहून टाळ्या वाजवत होते. हे मला कोणी शिकवलं? कुठल्या व्हिडिओने?

आणि म्हणूनच आमचं भांडण झालं ते, 1980 च्या फेब्रुवारीतलं. वानखेडेवरची इंग्लंडविरुद्धची जुबिली टेस्ट, आपल्या क्रिकेट बोर्डाच्या सुवर्णमहोत्सवाची. पहिल्याच दिवसानंतर सुट्टी, का तर खग्रास सूर्यग्रहण. अण्णांचं म्हणणं, सूर्याला दुसरा दिवस नव्हता का! या मॅचला विश्वनाथ आपला कर्णधार. इंग्लंडचे 58 ला पाच गेलेले. बोथम आणि बॉब टेलर खेळायला लागले, आणि कपिलच्या चेंडूवर टेलर मागे कॅच. अंपायरचं बोट वर. मी पेन दिलं, अण्णांनी लाल शाईने लिहिलंसुद्धा. तेवढ्यात रेडिओवर गडबड. विश्वनाथ अंपायरशी बोलतोय, बॅटला लागलंच नव्हतं म्हणतोय, टेलरला परत बोलावलंय!

अण्णांनी ती लाल खूण काळजीपूर्वक खोडली. त्यांच्या सगळ्या वह्यांत मला सापडलेली ती एकच खाडाखोड. मी भडकले. म्हटलं, ओव्हलला अंपायरने दिलं म्हणून विश्वनाथला लाल शाई लावलीत, मग आता अंपायरने दिलेलं का खोडता? ते म्हणाले, "तिकडे तो आउट झाला होता. इकडे त्याने केला नाही." हा काय न्याय झाला?

टेलरने 43 केल्या. बोथमने 114. दोघांची भागीदारी 171 ची, आणि आपण दहा विकेटांनी हरलो. अण्णा शेवटपर्यंत म्हणत राहिले की बोथमने तेरा विकेट घेतल्या, टेलरने यष्टीमागे दहा झेल घेतले, ती मॅच आपण कशीही हरलोच असतो, विश्वनाथच्या नावावर ढकलू नकोस. मला हे पटलेलं नाही. सहावी विकेट तिथे पडली असती तर मागे उरलं कोण होतं? तळाचे बॉलर. दीडशेच्या आत गुंडाळले असते इंग्लंडला, आणि मग दुसऱ्या डावात आपण 149 ला कोसळलो नसतो, कारण दडपणच वेगळं असतं. काढा कोणीही स्कोअरकार्ड आणि सांगा मला मी चूक आहे म्हणून.