तानपुऱ्याला पडदे?

सकाळपासून डोकं फिरलंय. सांगलीतल्या एका बालसंगीत शिबिराचं पोस्टर आज तीन ग्रुपांवर येऊन पडलं. एआयनं केलेलं आहे हे लांबूनच कळतं. पोरगी तानपुरा घेऊन बसलीय आणि तानपुऱ्याच्या दांडीला चक्क पडदे, म्हणजे सूर बदलायच्या धातूच्या पट्ट्या, सतारीसारखे! तानपुऱ्याला त्या नसतातच. खुंट्या सहा, तारा तीन, त्यातली एक भोपळ्यात घुसून गायब. शेजारच्या डग्ग्याला शाईच, म्हणजे तो काळा गोलच नाही. पेटीच्या पट्ट्या प्रेक्षकांकडं, म्हणजे वाजवणारा पोरगा तासभर भाता बघत बसणार.

दुसऱ्या कुठल्या गावात खपलं असतं एक वेळ. पण मिरज इथनं सिटी बसच्या अंतरावर! 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा स्टेटस ठेवणारे आपणच ना? त्याच हातांनी हे फॉरवर्ड केलंत?

मजकूर तर विचारूच नका. ‘चिमुकल्यांच्या स्वप्नांना द्या सुरांचे पंख’. बरं, द्या. खाली ‘अब्दुल करीम खाँ यांच्या जन्मभूमीत’. अहो, खाँसाहेब कैरान्याचे, उत्तर प्रदेशातले. त्यांच्या गायकीच्या घराण्याला किराणा म्हणतात ते त्यावरूनच. मिरजेत ते राहिले, 1937 मध्ये गेल्यावर मिरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांना दफन केलं. यंत्रानं ठोकून दिलं आणि कुणी वाचलंसुद्धा नाही.

हो, मान्य. डिझायनर पैसे घेतो आणि पोस्टर परवा देतो. एआय वापरा, पण त्याला जमतं तेवढंच काम द्या.

वाद्य काढायला त्याला सांगूच नका. क्लासमधला खरा तानपुरा खिडकीपाशी उभा करा, उजेड बाजूनं येऊ द्या, भोपळ्यापासून खुंट्यांपर्यंत सगळा फ्रेममध्ये घेऊन मोबाइलवर फोटो काढा. एआयकडून फक्त मागची भिंत करून घ्या, वरचा तिसरा हिस्सा मोकळा ठेवायला सांगून. त्या मोकळ्या जागेत अक्षरं तुम्ही टाका. चित्र काढणारं एआय अक्षर लिहीत नाही, अक्षराचं चित्र काढतं. म्हणून जोडाक्षर आलं की पुष्कळदा गडबडतं. आजच्या पोस्टरवर ‘शास्त्रीय’चं ‘शास्रिय’ झालंय. कॅनव्हात मुक्ता किंवा बालू फाँट घ्या, काम झालं. छापखान्यात मात्र टाइप केलेला मजकूर पाठवू नका. तिथं पुष्कळदा जुने फाँट असतात, आपण मोबाइलवर टाइप करतो ते युनिकोड चिकटवलं की नुसती चित्रलिपी. फाँट आत बसवलेली पीडीएफ द्या. इंचाला 300 पिक्सेल धरले तर ए-फोर छपाईला 2480 बाय 3508 पिक्सेल लागतात. एआयचं 1024 पिक्सेल रुंद चित्र 6 फुटी फ्लेक्सवर ताणलं तर इंचाला जेमतेम 14 पिक्सेल येतात. मग पोरीचा चेहरा घावन झाल्यासारखा दिसतो. आणि व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मजकुराचं म्हणाल तर आईबापांना पंख नको असतात. वय किती, वार-वेळ काय, बॅचला मुलं किती, फी किती, पेटी घरनं आणायची का, गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक परीक्षेची तयारी होणार का. एवढं द्या आणि ‘60 शब्दांत लिही, याबाहेरचं काही घालू नकोस’ असं बजावा. जतकडच्या पालकांसाठी कानडीही करून मिळेल. पण कानडी येणाऱ्या माणसानं वाचल्याशिवाय सोडू नका. रागाचं काही लिहिलं असेल तर तपासाच. भूप रागात म आणि नि नसतातच, पण भूप म्हणून तेच घातलेले आरोह देतं ते, तेही ठणकावून.

आता रील. इथं तर कहर असतो. आवाज ‘स्वच्छ’ करणारी बहुतेक एआय साधनं बोलण्यासाठी बनवलेली आहेत. सतत चालणारा एकसारखा नाद म्हणजे पंख्याची घरघर, असं ती धरून चालतात आणि तानपुराच पुसून टाकतात! पोरं अधांतरी गाताना ऐकू येतात. त्यापेक्षा पंखा बंद करा, मोबाइल पोरांपासून तीनेक हातांवर, तानपुरा त्यांच्या मागं, आणि ‘सारेग, रेगम’चा एक पलटा 20 सेकंद. एखादं पोर बेसूर झालं तर होऊ द्या, शिकायलाच आलंय ते. सूर सरळ करणारं बटण दाबू नका.

आणि पोरांचे फोटो एआयमध्ये टाकून कार्टून करायचं बंद करा. खरंच बंद करा. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे आणि मुलाच्या माहितीला पालकांची संमती लागते. कायदा राहू द्या बाजूला, दुसऱ्याचं लेकरू आहे ते. प्रवेशाच्या फॉर्मवर फोटोसाठी वेगळी सही घ्या. नाही म्हणाले तर पेटीवरचे नुसते हात दाखवा, तेही छान दिसतात.

फारच चिडून लिहिलं बहुतेक. शिबिर घेणाऱ्या बाईंचा हेतू चांगलाच असणार. सुट्टीत चाळीस पोरं सांभाळायची, त्यांना स्वरात बसवायचं, वर जाहिरातही एकटीनंच करायची, म्हणजे चेष्टा नाही. रात्री अकराला दमून कुणी बटण दाबलं असेल तर मी काय बोलणार. पण तानपुऱ्याला पडदे नाही हो बघवत.

बाई, नवीन पोस्टर केलंत की पाठवा, मी स्वतः फिरवतो. आणि ते राहू द्या, आधी पोस्टरवरचा तुमचा मोबाइल नंबर मोजा. नऊच आकडे आहेत.