मुंबईच्या उकाड्यात इंग्लिशपण नासतं का?

सांगलीच्या मामांनी परवा घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मजकूर टाकला. 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असा शिक्का असलेला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: ऋषी सुनक साउथहॅम्प्टनला जन्मले, पंतप्रधान झाले, तरी ते इंग्लिश नाहीत. ब्रिटिश म्हणजे नुसता पासपोर्ट, इंग्लिश म्हणजे रक्त. इंग्रज आपल्याकडे दोनशे वर्षं राहिले, ते भारतीय झाले का? मग आपली माणसं तिकडे इंग्लिश कशी होतील? आणि ब्रिटनच्या माजी गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांनी तर हे स्वतःच कबूल केलंय. खाली तिरंगा आणि जोडलेले हात.

गंमत म्हणजे हाच मजकूर, तिरंगा वगळून, इथल्या, म्हणजे इंग्लंडमधल्या, कडव्या गोऱ्या मंडळींतही फिरतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॉन्स्टँटिन किसिन या भाष्यकाराने एका पॉडकास्टवर विचारलं की सुनक सावळे, हिंदू. ते इंग्लिश कसे? समोरचे पत्रकार फ्रेझर नेल्सन म्हणाले, इथे जन्मले, इथे वाढले, म्हणजे इंग्लिशच. तिथून हे पेटलं. मामांनी अभिमानाने पाठवलेलं वाक्य इथे माझ्या मुलीला बाहेरचा रस्ता दाखवायला वापरतात. ती रेडिंगला जन्मली, आज पंधरा वर्षांची आहे. म्हणून मामा, उलट उत्तर देते, राग मानू नका.

रक्ताचं आधी उरकते. अँगल आणि सॅक्सन आले उत्तर समुद्रापलीकडून, आजच्या जर्मनी-डेन्मार्कच्या बाजूने. मग व्हायकिंग, मग १०६६ साली नॉर्मन. १७०१ मध्ये, राजा डच आहे म्हणून लोक कुरकुरत होते, तेव्हा डॅनियल डिफोने 'अस्सल इंग्रज' या कल्पनेची टर उडवणारी कविताच लिहिली. १७१४ ला गादीवर आलेला पहिला जॉर्ज जर्मन. त्याला इंग्लिश जेमतेम येई. राजघराण्याने 'विंडसर' हे नाव घेतलं १९१७ मध्ये, जर्मनीशी युद्ध चालू असताना. इंग्लिश वंश नावाचं काही नाहीच, असं मी म्हणत नाही. आमच्या शेजारच्या आजींची कित्येक पिढ्यांची माणसं डेव्हनमधल्या एकाच चर्चच्या आवारात पुरलेली आहेत. त्यांच्याकडे माझ्या मुलीकडे नसलेलं काहीतरी आहे, हे उघड आहे. पण तेवढीच अट ठेवली तर पहिल्यांदा राजवाडा रिकामा करावा लागेल.

आता ते दोनशे वर्षांचं. मामांचा सगळ्यात लाडका मुद्दा हाच, आणि तोच त्यांच्यावर उलटतो.

इंग्रज भारतीय झाले नाहीत, कारण होऊ नये याची त्यांनी जिवापाड काळजी घेतली. साहेब यायचा तो नोकरीसाठी. पेन्शन लागली की बोट पकडायची. आणि मुलांचं काय करायचे? पाच-सात वर्षांची झाली की आईपासून तोडून 'होम'ला, म्हणजे इंग्लंडला, पाठवायचे. रुडयार्ड किपलिंग १८६५ मध्ये मुंबईत जन्मला, जे. जे. स्कूलच्या आवारात. त्याला सांभाळणारी आया पोर्तुगीज कॅथलिक, गडी हिंदू. लहानपणी आपण देशी भाषेतच विचार करायचो आणि स्वप्नं बघायचो, आई-वडिलांपुढे जाताना 'आता इंग्लिश बोल' अशी आठवण करून द्यावी लागायची, असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. सहावं वर्ष पुरं व्हायच्या आत त्याला इंग्लंडला नेऊन परक्या घरी ठेवलं. ते दिवस त्याने आयुष्यभर कडवटपणे आठवले.

का एवढा आटापिटा? रक्तातच इंग्लिशपण असेल तर ते मलबार हिलवर आयेच्या कडेवर बसून उतरायचं कारण नाही. पण त्या आई-बापांना पक्कं ठाऊक होतं की उतरतं. पोराचा उच्चार बिघडतो, चाल बदलते, सवयी लागतात. म्हणजे इंग्लिशपण घडवावं लागतं, शाळेत, खेळात, पावसात. साम्राज्य चालवणाऱ्यांचा स्वतःच्याच रक्तावर विश्वास नव्हता. आपण मात्र तो बाळगून बसलोय.

याच मलबार हिलवर १९०० साली डग्लस जार्डिन जन्मला. बॉडीलाइनवाला, म्हणजे फलंदाजाच्या अंगावर चेंडू टाकायला लावणारा क्रिकेट कप्तान. आई-वडील दोघं स्कॉटिश, जन्म मुंबईचा, नवव्या वर्षी रवानगी स्कॉटलंडला मावशीकडे. ताठ, थंड, ओठ न हलवणारा इंग्लिश कप्तान म्हटलं की आजही त्याचंच नाव घेतात. रक्ताने बघाल तर तो इंग्लिश नव्हताच. १९३२ च्या त्या बॉडीलाइनच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्याच्या संघातल्या पतौडीच्या नवाबाने सिडनीला पहिल्याच कसोटीत १०२ काढले. पुढे तोच नवाब १९४६ मध्ये भारताचा कप्तान झाला.

'त्यांची संस्कृती त्यांची, आपण फक्त पाहुणे' असंही एक वाक्य मजकुरात आहे. चहा दरबारात रूढ केला पोर्तुगालच्या कॅथरीनने, जिच्या हुंड्यात मुंबई आली. 'फिश अँड चिप्स'मधला तळलेला मासा इथे आणला पोर्तुगाल-स्पेनकडच्या ज्यूंनी. पण पदार्थांची वंशावळ सांगून मी वाद जिंकू बघत नाही, कारण संस्कृती ताटात कमी आणि वागण्यात जास्त असते.

आमच्या घरातलं सांगते. आई पहिल्यांदा इकडे आली तेव्हा तिने सकाळपासून खपून पुरणपोळ्या केल्या. लेकीने तीन खाल्ल्या, बोटं चाटली आणि शुद्ध मराठीत म्हणाली, "वाईट नाहीयेत, आजी." आई दोन दिवस रुसली. तिला कोण सांगणार की इंग्लिश माणूस याहून मोठी शाबासकी सहसा देत नाही! हीच मुलगी दाराला धडकली तर दाराला सॉरी म्हणते. लक्ष्मी रोडवर दिवाळीच्या गर्दीत रांग शोधते. हे तिला कुणी शिकवलं नाही. मला सतरा वर्षांत जमलं नाही. मी अजून बसमध्ये अनोळखी बाईला 'कुठल्या तुम्ही?' विचारते आणि लेक खिडकीबाहेर बघते. मी ब्रिटिश आहे, इंग्लिश नाही. ती आहे. एकाच घरात राहून.

ब्रिटिश म्हणजे कागद हे मात्र अर्धं खरं. इंग्लिश पासपोर्ट नसतो, इंग्लंडची वेगळी संसदही नाही. त्यामुळे इंग्लिश कोण हे ठरवणारं कार्यालयच नाही. आपण मराठीत हा घोळ कधी घातलाच नाही म्हणा. मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन स्कॉटिश, माल्कम स्कॉटिश, आपल्या लेखी सगळे इंग्रज! आणि ही ओळख दगडावरची रेघ आहे म्हणाल, तर जनगणना बघा. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०११ साली ५७.७ टक्के लोकांनी फक्त 'इंग्लिश' लिहिलं. २०२१ मध्ये १४.९ टक्के. फक्त 'ब्रिटिश' १९.१ वरून ५४.८ वर. दहा वर्षांत रक्त बदललं? मधल्या काळात इंग्लंडच्या फॉर्मवर 'ब्रिटिश' हा पर्याय सर्वांत वर नेला होता. सगळा फरक त्यामुळेच पडला असं नाही, पण बराचसा पडला.

राहिल्या ब्रेव्हरमन. वडील केनियातून आलेले, मूळचे गोव्याचे, आई मॉरिशसची, जन्म १९८० चा लंडनचा. आपण कधीच खऱ्या अर्थाने इंग्लिश होणार नाही, असं त्यांनी लिहिलं. त्यांचं त्यांना ठरवू द्या, मला ते पटतं. पण सुनकही १९८० चेच, त्यांचेही आई-वडील पूर्व आफ्रिकेतून आलेले, आणि ते म्हणतात, अर्थातच मी इंग्लिश आहे. दोघांचं उत्तर वेगळं निघतं ते मनामुळे.

नुसतं मनात असून भागत नाही, हेही खरं. जुलै २०२१ मध्ये युरो कप फुटबॉलच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या रॅशफर्ड, सँचो आणि साका यांच्या पेनल्टी हुकल्या आणि रात्रीतच तिघांवर वर्णद्वेषी शिव्यांचा पाऊस पडला. जिंकेपर्यंत इंग्लिश, हरल्यावर काळे. लेकीने गालावर इंग्लंडच्या झेंड्यावरचा लाल क्रॉस रंगवला होता. तो तिने त्या रात्री पुसला नाही, तसाच उशीला लागला. मँचेस्टरच्या विदिंग्टनमध्ये रॅशफर्डचं भित्तिचित्र कुणीतरी विद्रूप केलं. पुढचे काही दिवस लोक तिथे येऊन चिठ्ठ्या चिकटवत राहिले, भिंत दिसेनाशी होईपर्यंत. मामा, तुमचा मजकूर विद्रूप करणाऱ्याच्या बाजूचा आहे. चिठ्ठ्या लावणारेही इंग्लिशच होते.

त्याच वर्षी मार्चमध्ये जनगणनेचा फॉर्म आम्ही जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून भरला. लेक अकरा वर्षांची होती, स्वतःचं स्वतः भरीन म्हणाली. राष्ट्रीय ओळखीपुढे तिने 'इंग्लिश'वर खूण केली. पुढचा प्रश्न वांशिक गटाचा. तिथे 'आशियाई ब्रिटिश' होतं, वेल्सच्या फॉर्मवर 'आशियाई वेल्श'ही होतं म्हणे, पण 'आशियाई इंग्लिश' कुठेच नव्हतं. तिने वर-खाली दोनदा बघितलं आणि 'इंडियन'वर खूण केली. फॉर्मने चूक दाखवली नाही. पुढचं पान उघडलं.