पडद्याला एक भोक असू द्या

न्याय्य समाजाचा आराखडा करायला घेतलात, अभिनंदन. काम दिसतं तेवढं अवघड नाही. समाज उभा करायचा नाहीये, नुसता आराखडा करायचाय, एवढं ध्यानात राहिलं की निम्मा घोर मिटतो.

आधी जागा बघा. ती नसलेलीच बरी. इंग्रज लेखक थॉमस मोर यांनी १५१६ मध्ये आपल्या पुस्तकातल्या आदर्श बेटाचं नाव ‘युटोपिया’ ठेवलं. ग्रीक शब्दांवरून त्याचा अर्थ ‘नसलेलं ठिकाण’. तिथे खासगी मालमत्ता नाही, दिवसाला सहाच तास काम, आणि सोनं इतकं कवडीमोल की शौचाची भांडीसुद्धा सोन्याची. वाचताना अगदी भरून येतं. थोडं पुढे गेलं की त्याच बेटावर गुलाम भेटतात. त्यांच्या बेड्याही सोन्याच्याच. ही युक्ती टिपून ठेवा.

राज्य कुणाच्या हाती द्यायचं हे ठरवताना आपल्या व्यवसायबंधूंना विसरू नका. प्लेटो स्वतः तत्त्वज्ञ, आणि सखोल चिंतनाअंती राज्य तत्त्वज्ञांनीच करावं असं त्याच्या लक्षात आलं. (तो सुतार असता तर काय लक्षात आलं असतं, याची मला उगाच उत्सुकता आहे.) त्याचं चुकलं एवढंच की तो सिराक्यूज या ग्रीक नगराच्या सत्ताधीशाला शहाणं करायला खरोखर गेला आणि हात हलवत परतला. तुम्ही खुर्ची सोडू नका.

आता मुख्य काम. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्ये ‘अज्ञानाचा पडदा’ सुचवला. पडद्यामागे बसायचं, आपण श्रीमंत की गरीब, बाई की पुरुष, हुशार की ढ, यातलं काहीही माहीत नाही असं धरायचं आणि मग समाजाचे नियम ठरवायचे. कल्पना झकास आहे, पण त्यात धोका आहे. खरंच काही माहीत नसेल तर माणूस भलतेच नियम करून बसेल. म्हणून पडद्याला एक भोक असू द्या. फार मोठं नको, आपली पगारपावती दिसेल एवढं पुरे.

तेवढ्यावरही अडलात तर रॉल्स यांचंच दुसरं वाक्य कामाला येतं: तळातल्या माणसाचं भलं होत असेल तर विषमता चालेल. अट कडक आहे, पण आपल्याला ती पेलते. ‘मला जास्त पैसे मिळाले तरच मी मन लावून काम करेन, मी काम केलं तर तळापर्यंत काहीतरी झिरपेल, म्हणजे मला जास्त पैसे देणं हे तळातल्याच्याच हिताचं.’ फक्त हे म्हणताना ‘मी’ म्हणू नका, ‘हुशार माणसं’ म्हणा. जी. ए. कोहेन नावाच्या एका खवचट तत्त्वज्ञाने याची तुलना मूल पळवणाऱ्याच्या युक्तिवादाशी केली होती. मुलाने आईबापांजवळ असावं; पैसे दिल्याशिवाय ते परत मिळणार नाही; सबब आईबापांनी पैसे द्यावेत. तर्कात खोट नाही. फक्त पळवणाऱ्याने तो स्वतःच्या तोंडाने मांडला की कसंसंच वाटतं.

मालमत्ता कुठून आली असं कुणी विचारलं तर १९७४ सालचे तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक आहेत. न्याय्य मार्गाने मिळालेलं आणि न्याय्य मार्गाने हस्तांतरित झालेलं सगळं न्याय्य. मागे कुठे लुबाडणूक झाली असेल तर ती दुरुस्त करावी, असंही ते म्हणाले; कशी करावी याचा तपशील मात्र त्यांनी दिला नाही. तुम्हीही तिथे मोकळी जागा सोडा.

अमर्त्य सेन यांना मात्र चार हात लांब ठेवा. ते म्हणतात, दोन डोंगरांपैकी उंच कोणता हे ठरवायला एव्हरेस्ट माहीत असायची गरज नाही. तसंच समोरचा अन्याय ओळखायला परिपूर्ण समाजाचा नकाशा लागत नाही. हे एकदा मान्य केलंत की संपलं. मग समोरच्या अन्यायाचं आजच काहीतरी करावं लागेल आणि आराखडा तसाच राहील.

आमचं अभ्यासमंडळ ही चूक करत नाही. गेल्या बैठकीत स्त्रीवादी तत्त्वज्ञ सुझन ओकिन यांचा १९८९ चा आक्षेप चर्चेला होता: रॉल्स यांच्या पडद्यामागे कुटुंबप्रमुख बसलेत, पण कुटुंबाच्या आत न्याय आहे का, हे कोण बघणार? चर्चा फार रंगली. सहा जण, तीन तास, दोन पोटसमित्या. मी स्वतः ‘घरकामाचं अदृश्य मूल्य’ यावर वीस मिनिटं बोललो. आवाज जरा चढवावा लागला, कारण आत भांडी घासली जात होती. मग यजमानांची पत्नी झाडू घेऊन बाहेर आली. कुणी काही न सांगता आम्ही सहाही जणांनी एकमताने पाय वर घेतले.