आतून कोट मारून पायाची ओल जात नाही

“भिंतीला आतून वॉटरप्रूफ कोट मारा, पायातून निघालेली मातीच जोत्यात भरा, सिमेंट थोडं जास्त टाका म्हणजे डीपीसीची (जोत्यावरच्या ओल अडवणाऱ्या थराची) गरज नाही” असा मेसेज सध्या फिरून राहिला, आणि घरकुलाचं काम काढलेले लोक तो मिस्तरीला दाखवून राहिले, म्हणून लिहितो.

कोटचं पहिले. ही ओल जमिनीतून येते, विटेतली बारीक छिद्रं पाणी वर ओढतात, आतून कोट मारला तर त्या पाण्याला सुकायला जागा राहत नाही अन् ते अजून वर चढतं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर पाण्यासोबत क्षारही येतात. गुडघाभर उंचीवर भिंतीवर पांढरा पट्टा दिसतो ना, हात फिरवला की भुगा पडतो, तो क्षारच आहे, कोटमागे तो साचला की रंग प्लास्टरसकट सुटतो. पैसे गेले, ओल तिथंच.

मातीचं तर बिलकुल ऐकू नका. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तीच जोत्यात भरली की फरशी उचलते नाहीतर खचते. मुरूम महाग पडतो हे मान्य, पण मुरूमच भरा, वीतभर थर, पाणी, धुम्मस, मग पुढचा थर.

आता डीपीसी. सिमेंट वाढवून वीट पाणी पिणं सोडत नाही, उलट जास्त सिमेंटच्या मालाला बारीक तडे जातात. जोत्यावर, भिंत सुरू व्हायच्या आधी, 1:2:4 (सिमेंट, वाळू, गिट्टी) काँक्रीटचा 40-50 मिमी थर वॉटरप्रूफ पावडर टाकून घाला अन् सुकल्यावर वरून डांबर मारा, आतल्या भिंतींखालीही. अन् नंतर अंगणात भर टाकून माती या थराच्या वर नेऊ नका, कारण मग ओल बाजूनं थेट भिंतीत शिरते. गावातले सिमेंट रस्ते दरवेळी उंच होत चालले, म्हणून जोतं रस्त्यापेक्षा चांगलं दोन फूट तरी वर घ्या.

ज्यांचं घर बांधून झालं त्यांनी आधी बाहेर पाहावं. मे महिन्यात जोत्याला लागून जमिनीत भेग पडते, काडी घातली तर पूर्ण आत जाते, पहिल्या पावसाचं पाणी तिथूनच पायात उतरतं. भेग मुरमानं ठासून भरा, भोवती अडीच-तीन फुटांचा काँक्रीटचा पट्टा बाहेर उतार देऊन करा, स्लॅबचा पाइप अन् न्हाणीचं पाणी नालीत नाहीतर घरापासून लांब शोषखड्ड्यात सोडा. प्लास्टरचं काम त्यानंतर, भिंत एक उन्हाळा सुकू द्या मग.