अकरावीचं सूत्र आणि गोल्फचा चेंडू: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया नेमकी आहे, म्हणून उत्तर जरा लांबवर देतो. गोल्फच्या चेंडूच्या प्रवासाबद्दल मी लिहिलं होतं, त्यावर तुमचे आक्षेप तीन. प्रक्षेपणाचं अकरावीतलं सूत्र पुरेसं आहे, हवा अंतर कमी करते एवढं म्हटलं की झालं, मी विषय उगाच अवघड केला, हा पहिला. चेंडूवरचे खळगे ही कंपन्यांची जाहिरातबाजी आहे, गुळगुळीत चेंडूला घर्षण कमी म्हणून तोच लांब जाणार, हा दुसरा. आणि ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) चेंडू किती जाईल ते वेगाचा वर्ग भागिले दोन म्यू जी (म्यू म्हणजे घर्षण-गुणांक, जी म्हणजे गुरुत्वत्वरण), एवढ्यात निघतं, हा तिसरा.

सूत्र तुमचंच घेऊ. अमेरिकेच्या पीजीए टूरवर (व्यावसायिक गोल्फ स्पर्धांच्या मालिकेत) ट्रॅकमॅन रडारने मोजलेल्या ड्रायव्हरच्या (सर्वात लांब मारायच्या काठीच्या, म्हणजे क्लबच्या) फटक्यांची सरासरी साधारण अशी आहे: चेंडूचा सुरुवातीचा वेग सेकंदाला 75 मीटर, उड्डाणकोन 11 अंश, उलटी फिरकी मिनिटाला 2,700 फेऱ्यांच्या आसपास. हवा नाहीच असं धरलं तर सूत्राप्रमाणे चेंडू 215 मीटरवर पडेल, जास्तीत जास्त 10 मीटर उंच जाईल आणि 11 अंशांतच खाली येईल. प्रत्यक्षात तो 250 मीटरवर पडतो, 29-30 मीटर उंची गाठतो आणि 38 अंशांच्या आसपास उतरतो. म्हणजे हवेने अंतर कमी तर केलं नाहीच, उलट 35 मीटर वाढवलं. 'हवा अंतर कमी करते' हे गृहीतच इथे कोलमडतं.

कारण फिरकीत आहे. चेंडूचा वरचा पृष्ठभाग मागच्या दिशेने फिरतो, हवेचा प्रवाह मागे खाली वळवतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून चेंडूला उचल मिळते. हाच मॅग्नस परिणाम. आकडे मांडून बघा: चेंडूचं वस्तुमान नियमाप्रमाणे जास्तीत जास्त 45.93 ग्रॅम, म्हणजे वजन 0.45 न्यूटन. व्यास कमीत कमी 42.67 मिलिमीटर. 75 मीटरच्या वेगाला उचल-गुणांक (हवेकडून किती उचल मिळते ते सांगणारा आकडा) 0.15 धरला तरी उचल 0.7 न्यूटन भरते, वजनाच्या दीडपट. त्यामुळे सुरुवातीला चेंडूचा मार्ग सरळ रेषेच्याही वर वाकतो. एडिनबरोचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी ही उलटी फिरकी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच ओळखली होती. चेंडूला लांब फीत बांधायची आणि फटक्यानंतर तिला किती पीळ पडले ते मोजायचं, अशी त्यांची पद्धत होती. रडारपेक्षा मला ही जास्त आवडते.

45 अंशांत मारलं की चेंडू सर्वात लांब जातो, हा तुमच्या सूत्रातून निघणारा नियमही याच कारणाने हवेत टिकत नाही. उचल नेहमी मार्गाला लंब असते. चढ तीव्र असला की तिचा बराचसा भाग चेंडूला मागे ढकलण्यात जातो, आणि हवेचा विरोध तर सुरुवातीला वजनाच्या अडीचपटीहून जास्त असतोच. फिरकी प्रमाणाबाहेर वाढली तरी हीच गत: चेंडू फुगल्यासारखा वर चढतो आणि पुढे न जाता खाली येतो. समोरून वारा असताना जोर लावून मारणारे नेमके इथे फसतात, कारण जोरात मारलं की फिरकीही वाढते. अशा वेळी एक-दोन नंबर लांबची क्लब घेऊन सावकाश मारावं.

आता खळगे. पृष्ठभागावरचं घर्षण त्यांच्यामुळे वाढतं, हे तुमचं म्हणणं बरोबर. पण गोलाच्या बाबतीत विरोधातला तो वाटा अगदी किरकोळ. मोठा वाटा आहे पुढच्या आणि मागच्या दाबातल्या फरकाचा. गुळगुळीत गोलावरून जाणारा हवेचा पातळ थर मधल्या रुंद भागाच्या आसपासच सुटतो आणि मागे कमी दाबाचा रुंद भोवरेदार पट्टा राहतो. खळगे त्या थरात खळबळ माजवतात, थर बाहेरच्या वेगवान हवेतून ऊर्जा घेतो आणि बराच मागेपर्यंत चिकटून राहतो. मागचा पट्टा अरुंद होतो. विरोध-गुणांक (हवा किती अडवते ते सांगणारा आकडा) साधारण 0.5 वरून 0.25 वर येतो. क्रिकेटच्या स्विंगमागेही हवेचा हाच थर कुठे सुटतो याचा खेळ आहे.

हा बदल गुळगुळीत गोलातही होतो, पण रेनॉल्ड्स अंक (वेग आणि आकारमानाबरोबर वाढणारा, प्रवाह कसा वागेल ते सांगणारा आकडा) तीन-चार लाखांवर गेल्यावर. ड्रायव्हरने मारलेल्या चेंडूचा हा अंक जेमतेम दोन लाख. खळग्यांमुळे तोच उंबरठा 50 हजारांच्या आसपास येतो, आणि उतरताना वेग 30 मीटरवर आला तरी अंक 85 हजार असतो. म्हणजे अख्खं उड्डाण कमी विरोधाच्या बाजूला राहतं. खळग्याची खोली पाव मिलिमीटरच्या आसपास. जास्त खोल केले तर विरोध पुन्हा वाढतो, फार उथळ केले तर थर वेळेवर खळबळत नाही. जाहिरातबाजी असेल तर ती 'आमचे 20 खळगे जास्त' या दाव्यात. खळगेच काढून टाकले तर चेंडू जेमतेम निम्म्या अंतरावर पडेल. गटापर्चाचे (झाडाच्या चिकाचे) गुळगुळीत चेंडू वापरणाऱ्यांना एकोणिसाव्या शतकातच कळलं होतं की ओरखडे पडलेला जुना चेंडू नव्यापेक्षा चांगला उडतो. मग त्यांनी नवे चेंडू हातोडीने ठोकून खडबडीत करायला सुरुवात केली. त्या वेळी जाहिरात करणारी कंपनी कुठली?

(जाता जाता: पावसाळ्यात 'हवा जड' होते म्हणून चेंडू कमी जातो, असं मुंबईत सर्रास म्हणतात. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. 30 अंश सेल्सिअसला पूर्ण संपृक्त हवा दीड टक्क्याने हलकी. अंतर घटतं ते मुख्यतः भिजलेल्या जमिनीवर चेंडू पुढे धावत नाही म्हणून.)

तिसऱ्या मुद्द्यात तुम्ही म्यू 0.4 घेतला आहे. तो घसरण्याचा गुणांक आहे. त्याने सेकंदाला 2 मीटर वेगाचा पट (ग्रीनवरचा हलका, जमिनीलगतचा फटका) 51 सेंटिमीटरवर थांबेल. इतका कमी जातो का, ते ग्रीनवर कुणालाही विचारा. प्रत्यक्षात फिरकी नसलेला चेंडू आधी घसरतो, घर्षण त्याला फिरवू लागतं, आणि वेग मूळच्या पाच-सप्तमांश झाला की निव्वळ घरंगळणं सुरू होतं. हा पाच-सप्तमांश म्यूवर अवलंबून नाही, भरीव गोलाच्या जडत्व-आघूर्णातून (फिरवायला तो किती विरोध करतो त्या मापातून) येतो. म्यू फक्त घसरण किती लांब ते ठरवतो: इथे 25 सेंटिमीटर, सुमारे 0.15 सेकंद. पुढे 1.43 मीटर वेगाने घरंगळताना रोध फार कमी.

तो किती, हे स्टिम्पमीटर (ग्रीनचा वेग मोजायची उतरती पन्हळ) सांगतो. त्या पन्हळीतून चेंडू सेकंदाला 1.83 मीटर वेगाने सुटतो. तो जितके फूट जातो तो ग्रीनचा आकडा: ग्रीन 10 चा असेल तर 10 फूट, म्हणजे 3.05 मीटर जातो. यावरून मंदन 0.55 निघतं, म्हणजे दर सेकंदाला वेग सेकंदी 0.55 मीटरने घटतो. तेव्हा तुमचा पट घरंगळत आणखी 1.86 मीटर जाईल, एकूण 2.1 मीटर. तुमच्या उत्तराच्या चौपट.

उतार आला की हिशेब आणखी तिरका होतो. तीन टक्के उतारावर गुरुत्वाचा परिणाम 0.21. चढावर मंदन 0.76, उतारावर 0.34. तोच 1.83 चा चेंडू चढावर 2.2 मीटर आणि उतारावर 4.9 मीटर. सपाटीपेक्षा चढावर 85 सेंटिमीटर कमी, पण उतारावर जवळजवळ दोन मीटर जास्त. म्हणून उतारावरचा पट चुकला की परतीचा लांबलचक उरतो. याच ग्रीनवर उतार आठ टक्क्यांच्या जवळ गेला की चेंडू थांबतच नाही. भोक अशा जागी कधीच कापू नये.

पडताळायचं असेल तर चेंडूभोवती मार्करने पूर्ण वर्तुळ काढा, ती रेघ पटाच्या दिशेत उभी ठेवा, आणि रेघेवर एका जागी आडवी खूण करा. शेजारी मोजपट्टी अंथरा. फोनवर सेकंदाला 240 चौकटींनी बाजूने चित्रण करा. चेंडूचा परीघ 13.4 सेंटिमीटर. खुणेची एक फेरी होईपर्यंत चेंडू त्याहून जास्त सरकत असेल तर तो अजून घसरतो आहे. 2 मीटर वेगाला पहिल्या 35 चौकटींत हा प्रकार संपायला हवा. पटर (पट मारायची काठी) वरच्या दिशेने घासून लागला तर थोडा आधी संपेल, खाली दाबून मारलात तर चेंडू आधी उडी घेईल आणि मोजमाप बिघडेल. आलेले आकडे इथेच टाका, हिशेब मी करून देतो.