क्वीन मेरी २ : डेक सातवरून एक भर

क्वीन मेरी २ या प्रवासी जहाजावरच्या लेखात थिएटर, कॅसिनो आणि बुफेचं वर्णन झकास आहे, पण जहाजाचा खरा जीव सातव्या डेकवर, म्हणजे सातव्या मजल्यावर आहे, असं माझं मत. जहाजाभोवती पूर्ण फिरणारा लाकडी पदपथ! तीन फेऱ्या मारल्या की मैलभराहून जास्त चालणं होतं. सकाळी तिथे थेट शिवाजी पार्कच्या कट्ट्यासारखी वर्दळ असते, फक्त वारा टोपी पळवतो.

वाचनालयाचा उल्लेखच नाही, याचं नवल वाटलं. आठव्या डेकवर अगदी पुढच्या टोकाला आहे, हजारो पुस्तकं आणि काचेतून समोर अटलांटिक. आम्ही साउथॅम्प्टनहून न्यूयॉर्कला गेलो तेव्हा आमच्या हिने तिथेच मुक्काम ठोकला होता. मी जहाजावरच्या तारांगणात आरामखुर्चीवर चक्क झोपलो, ते असो.

बाराव्या डेकवर कुत्र्यांचं वसतिगृह आहे. अमेरिकन कुत्र्यांसाठी बंबाचा नळ आणि ब्रिटिश कुत्र्यांसाठी दिव्याचा खांब! वर धुराड्यावरच्या भोंग्यांपैकी एक १९३६ च्या मूळ क्वीन मेरी जहाजाचा आहे. तो वाजतो तेव्हा छाती थरथरते. मोठ्या सुटकेसपेक्षा चांगले बूट न्या.