कुजणाऱ्या वस्तू घरात टिकतात का? सोलापुरात टिकतात, पण पारखून घ्या

नैसर्गिक, मातीत मिसळून जाणारी चादर-गादी घेतली तर ती घरातच कुजेल, अशी भीती अनेकांना वाटते. कुजायला ओल लागते आणि आपल्याकडे पावसाळा सोडला तर हवा कोरडी ठणठणीत. कोकणात तागाच्या गालिच्याला बुरशी धरते; इथे धोका उन्हाचा, धुळीचा आणि वाळवीचा. त्यामुळे सुती चादर, कापसाची गादी, काथ्याचं पायपुसणं यांवर सोलापूरकरांनी जरूर पैसे घालावेत. फक्त लेबलवर विसंबू नका.

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी त्याच नावाने पॉलिस्टर मिसळलेला मालही खपतो. तपासायला काडेपेटी पुरते. दशीतून उभा धागा काढा, कडेने उसवून आडवा काढा आणि दोन्ही वेगवेगळे जाळा, कारण भेसळ एकाच बाजूच्या धाग्यात असू शकते. पंखा बंद, धागा चिमट्यात, खाली स्टीलची ताटली. सूत भुरकन पेटतं, जळक्या कागदाचा वास येतो आणि राख बोटाने चुरली की मऊ लागते. पॉलिस्टर ज्योतीपासून आक्रसतं, वितळतं आणि काळा कडक मणी मागे राहतो. राख खरखरीत लागली तर मिश्रण समजा.

व्हिस्कोसही (लाकूड-बांबूच्या लगद्यापासून रसायनांनी बनवलेला धागा) सुतासारखंच जळतं, तिथे ही परीक्षा चालत नाही. ‘बांबूचं कापड’ म्हणून महाग विकतात ते बहुतेक व्हिस्कोसच असतं. कुजतं खरं, पण ओलं असताना कमजोर होतं आणि जोरात पिळलं की विरतं. त्यापेक्षा आपला सुती टॉवेल केव्हाही सरस.

काथ्याच्या गादीबाबत जास्त सावध राहा. काथ्या रबराच्या चिकाने सांधलेला असतो, वर अनेकदा फोमचा थर आणि पॉलिस्टरचं कव्हर. ती खतात जाणार नाही. कापसाची एकेरी गादी साधारण 8 ते 10 किलो कापसाची. 2-3 वर्षांनी पिंजून घेतली की पुन्हा फुलते. फोमची गादी बसली की बसली. कापसाची गादी उन्हात 3-4 तास पुरे. दिवसभर तापवली तर खोळ लवकर विरते.

जुनी चादर खतात घालायची तर शिवण आधी उसवा, कारण शिवणीचा दोरा सहसा पॉलिस्टरचा असतो आणि तो तसाच उरतो. दोन-दोन इंचांचे तुकडे करून, भिजवून ओल्या कचऱ्यात मिसळा. एप्रिल-मे मध्ये ढीग वाळतो आणि कुजणं थांबतं, तेव्हा पाणी शिंपडत राहा.

पीएलए म्हणजे मका-उसासारख्या पिकांपासून बनवलेलं प्लास्टिक. त्याच्या शोभेच्या वस्तू, कुंड्या मात्र घेऊ नका. पीएलए नीट कुजायला 58-60 अंशांचं तापमान दिवसेंदिवस टिकावं लागतं. घरच्या ढिगाला ते झेपत नाही.

बांबूचं फर्निचर घेताना एकच गोष्ट विचारा: प्रक्रिया काय केली? 100 लिटर पाण्यात 4 किलो बोरिक अ‍ॅसिड आणि 6 किलो बोरॅक्स, पेरांतून आरपार भोकं पाडून बांबू आठवडाभर तरी बुडवलेला हवा. नुसत्या वार्निशने बांबूतल्या पिष्टावर जगणारा भुंगेरा थांबत नाही. दुकानात खुर्ची उचलून खाली बघा. फरशीवर पिठासारखा भुगा दिसला तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. चांगली मिळाली तर घरी भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, म्हणजे वाळवीची मातीची रेघ चढताना लगेच दिसेल.